आईनं न केलेलं खरेदीखत

पत्र:

नमस्कार. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. 1996 साली तिनं स्वतःच्या पैशांतून मावळ तालुक्यात तीन गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट घेतला. निवृत्तीनंतर तिथे छोटं घर बांधायचं होतं. पण बाबांचं आजारपण, मग माझी बदली, असं करत ते राहूनच गेलं. गेल्या महिन्यात भावासोबत प्लॉट बघायला गेले तर पत्र्याचं कंपाउंड, गेटला कुलूप आणि दुसऱ्याच माणसाच्या नावाची पाटी. ऑनलाइन सातबारा काढला, त्यावरही त्याचंच नाव. फेरफारात लिहिलंय की ऑक्टोबर 2024 मध्ये आईनं हा प्लॉट नोंदणीकृत खरेदीखतानं विकला. त्याच महिन्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, ती पलंगावरून उठतही नव्हती. मूळ खरेदीखत आजही आमच्या कपाटात आहे. पोलीस म्हणाले, ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ गावातला एक एजंट म्हणतो, पाच लाख द्या, समोरच्याशी बोलून मिटवून देतो, नाहीतर कोर्टात वीस वर्षं जातील. आई 76 वर्षांची आहे. रात्र रात्र जागते, ‘मीच लक्ष ठेवायला हवं होतं’ म्हणते. आमचा प्लॉट गेला का? आणि राहत्या फ्लॅटचंही असं होऊ शकतं का?
एक मुलगी, डोंबिवली

उत्तर:

ताई, हे उत्तर वाचून होण्याआधीच आईंना एक गोष्ट सांगा. प्लॉट गेलेला नाही. जो मालक नाही तो मालकी विकू शकत नाही. चोरीची सायकल दहा हातांतून विकली गेली तरी ती मूळ मालकाचीच राहते, तसंच हे. आईंच्या जागी दुसरीच बाई उभी करून केलेलं खरेदीखत कायद्याच्या दृष्टीनं मुळातच शून्य आहे. त्यावर सरकारी शिक्का असला, घेणाऱ्यानं खरोखर पैसे मोजले असले, तरी त्यानं आईंचा हक्क संपत नाही.

मग सरकारी कार्यालयानं ते नोंदवलंच कसं, हा प्रश्न तुमच्या मनात असणार. दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो मुद्रांक शुल्क भरलंय का, दस्त करून देणारा समोर हजर आहे का, त्यानं कबुली दिली का आणि त्याची ओळख पटली का, एवढंच पाहतो. सातबाऱ्याचंही तेच. दस्त नोंदवला की फेरफार धरला जातो, आणि फेरफार ही महसूल वसुलीसाठीची नोंद आहे, तिनं कुणाला मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे. सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे सगळं संपलं, असं गावोगाव मानलं जातं. या समजुतीपायीच लोक हातपाय गाळतात आणि एजंटाच्या पाच लाखांना तयार होतात.

मात्र हक्क शाबूत आहे म्हणून निवांत बसू नका. खोटा दस्त रद्द करून मागण्याची मुदत तो तुम्हाला कळल्यापासून तीन वर्षांची आहे. कंपाउंड घालून बसलेला माणूस उघडपणे बारा वर्षं तिथे राहिला तर प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे ‘इतकी वर्षं ताबा माझा, म्हणून मालकीही माझी’ असा, दावा करू शकतो. त्याआधी त्यानं प्लॉट आणखी कुणाला विकला किंवा गहाण टाकला तर गुंता वाढतो. म्हणून पुढच्या पंधरा दिवसांत काय करायचं ते नीट ऐका.

पहिलं काम त्या खरेदीखताची प्रमाणित प्रत काढण्याचं. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्ताची नक्कल कुणालाही मिळते, त्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही. फेरफारात दस्त क्रमांक, तारीख आणि दुय्यम निबंधक कार्यालय दिलेलं असतं, तेवढं पुरेसं आहे. केवळ इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा थोडक्यात सारांश, घेऊन परतू नका. पूर्ण दस्त मागा, शेवटच्या पानापर्यंत, कारण तुमची केस त्या शेवटच्या पानांतच आहे.

त्या पानांवर ‘दस्त गोषवारा’ असतो. करून देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा फोटो, अंगठ्याचा ठसा, सही. खाली शिक्का क्रमांक 1 ची वेळ, सादरीकरणाची. मग फीची, कबुलीची आणि ओळख पटवल्याची वेळ, तास-मिनिटासकट. त्याच्या जवळच एक ओळ असते, की खालील इसम दस्तऐवज करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवितात. त्याखाली दोन माणसांची नावं, पत्ते, फोटो. ही दोन माणसं आईंना व्यक्तिशः ओळखतात म्हणे! आईंना ते फोटो दाखवा. आपल्या नावाखाली कुणा परक्या बाईचा फोटो बघणं आईंना जड जाईल, म्हणून तुम्ही किंवा भाऊ शेजारी बसा. पण दाखवाच. कधी कधी त्यातला एखादा चेहरा ओळखीचा निघतो: जुना एजंट, लेआउटवाल्याकडचा माणूस, लांबचा नातेवाईक. पोलिसांच्या तपासाचा पहिला धागाही बहुतेक वेळा ओळख पटवणाऱ्या या दोघांपासूनच निघतो.

दस्तात आईंचा पत्ता काय लिहिलाय तेही बघा. बहुधा तुमचा नसेल. फेरफाराची नोटीस तुमच्यापर्यंत का आली नाही, याचं उत्तर तिथेच सापडेल. मूळ खरेदीखताबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ‘मूळ दस्त गहाळ झाला आहे’ असं काही असलं, तर कपाटातला तुमचा दस्त हाच त्याला खोटं ठरवणारा पुरावा. पैसे कोणत्या चेकनं, कोणत्या खात्यात गेले ते टिपून घ्या. आईंच्या नावानं कुठल्यातरी बँकेत खातं उघडून पैसे काढून घेतलेले असतात, आणि ते खातं उघडताना कुणीतरी फोटो आणि मोबाईल नंबर दिलेला असतो.

दुसरं काम रुग्णालयाचं. डिस्चार्ज कार्ड घरी असेल, पण तेवढ्यावर थांबू नका. दाखल केल्याची व सोडल्याची तारीख, ऑपरेशनची नोंद, नर्सिंगचे कागद यांच्या शिक्क्यानिशी प्रती मागून घ्या. शिक्का क्रमांक 3 ची, म्हणजे कबुलीची, वेळ आणि त्या दिवसाच्या रुग्णालयाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की फारसं बोलावं लागत नाही. आईंच्या सहीचे त्या काळातले नमुनेही गोळा करा: पेन्शनचे कागद, बँकेचे चेक, हयातीचा दाखला. तरी माझा भर सहीपेक्षा अंगठ्यावर राहील. वय झालेल्या, आजारी माणसाची सही बदलते आणि समोरचा वकील त्यावर तासभर उलटतपासणी घेतो. ठसा बदलत नाही. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं अंगुली मुद्रा केंद्र पुण्यातच आहे. तक्रारीत ठशाची तुलना करण्याची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा.

आता पोलीस. ‘दिवाणी बाब आहे’ हे उत्तर इथे चुकीचं आहे. हद्दीचा वाद, भावाभावांतली वाटणी, या दिवाणी बाबी. जिवंत माणसाच्या जागी दुसरं माणूस उभं करून दस्त करणं हा गुन्हा आहे. दस्त 1 जुलै 2024 नंतरचा असल्यामुळे भारतीय न्याय संहिता लागू होते: फसवणूक कलम 318, तोतयेगिरी 319, मूल्यवान दस्तऐवजाची बनावट 338, बनावट दस्त खरा म्हणून वापरणं 340, आणि कट 61. यांतल्या 338 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिवाय नोंदणी कायद्याचं कलम 82 वेगळं, तेही खोटी ओळख देणाऱ्यासाठीच आहे. तोंडी सांगू नका. लेखी तक्रार द्या, दस्ताची प्रत व रुग्णालयाचे कागद जोडा आणि पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना स्पीड पोस्टानं पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली अर्ज करता येतो. पोस्टाची पावती त्या वेळी लागते, ती फाईलला लावून ठेवा.

दुय्यम निबंधकालाही पत्र द्या. त्याच्याकडून दस्त रद्द होण्याची वाट बघू नका. एकदा नोंदवलेला दस्त रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली स्पष्ट केलं आहे. पण कलम 83 प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याकडूनही फिर्याद सुरू होऊ शकते. त्या दिवसाचे कागद आणि असेल तर सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं, असा अर्ज आजच त्याच्या टेबलावर गेला पाहिजे. चित्रण कायम राहत नाही.

फेरफाराचं काम तिसरं. नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस असतात, ते केव्हाच उलटले. आता मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेल्या नोंदीविरुद्ध प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करायचं. मुदत साठ दिवसांची आहे. तुमची टळली आहे, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. नोटीस खोट्या पत्त्यावर गेली आणि नोंद कळली ती गेल्या महिन्यात, हे कारण सबळ आहे. ज्या दिवशी सातबारा ऑनलाइन काढलात त्याची तारीख असलेली प्रत जपून ठेवा. दस्त खरा की खोटा हे प्रांत ठरवणार नाहीत, ते दिवाणी न्यायालय ठरवेल. तरीही अपील दाखल असलं की नव्या घेणाऱ्याचा वकील सावध होतो, आणि तेवढ्यासाठी ते करणं योग्य आहे.

खरी लढाई दिवाणी न्यायालयात. खरेदीखत खोटं, बेकायदेशीर आणि वादींवर बंधनकारक नाही असं जाहीर करून मिळावं, ते रद्द व्हावं, प्लॉटचा ताबा परत मिळावा, आणि निकाल लागेपर्यंत प्लॉट विकायला, गहाण टाकायला, त्यावर बांधायला मनाई असावी, या मागण्या एकत्र हव्यात. ताबा न मागता दस्त खोटा असल्याचं केवळ जाहीर करून मागितलं तर दावा त्या कारणानंच अडकतो. वकिलांना हेही विचारा की कंपाउंड कधी पडलं. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 चा, मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मिळवण्याचा, जवळचा रस्ता उपलब्ध आहे. शेजारच्या प्लॉटवाल्यांना किंवा तिथल्या वॉचमनला विचारून कंपाउंडचा महिना नक्की करा. आणि दावा दाखल होताच लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. 1939 च्या मुंबई दुरुस्तीमुळे आपल्याकडे या नोंदणीला फार महत्त्व आहे. ती असेल तर नंतरचा खरेदीदार ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणू शकत नाही. कितीतरी दाव्यांत ही एक नोटीस राहून जाते आणि पाच वर्षांनी चौथा प्रतिवादी जोडत बसावं लागतं.

आईंची साक्ष लवकर व्हायला हवी, हे मी जरा स्पष्टच लिहिते. तुम्ही कुलमुखत्यार म्हणून दावा चालवू शकता, तारखांना हजर राहू शकता; पण ‘मी त्या कार्यालयात गेले नाही, ही सही माझी नाही’ हे वाक्य आईंनीच शपथेवर बोलायला हवं. त्यांना कोर्टापर्यंत येणं झेपत नसेल तर कोर्ट कमिशनर नेमून घरी साक्ष घेता येते. तसा अर्ज सुरुवातीलाच करा.

कंपाउंडवाल्या माणसाशी भांडायला जाऊ नका, कुलूप तोडू नका. तो टोळीतला असेल किंवा तुमच्यासारखाच फसलेलाही असेल. फसलेला असेल तर त्याला त्या तोतया बाईचा, दलालाचा, पैसे दिलेल्या खात्याचा पत्ता तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि तो साक्षीदार म्हणून तुमच्या उपयोगी पडू शकतो. वकिलांमार्फत नोटीस पाठवा, भाषा सभ्य असू द्या. त्याचे पैसे बुडाले याचं मला वाईट वाटतं, पण ते त्यानं फसवणाऱ्यांकडून वसूल करायचे, आईंच्या प्लॉटमधून नाही.

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. ज्याला समोरच्याशी बोलून मिटवता येतं, तो समोरच्याला ओळखतो. त्याचे फोन आले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, आणि तक्रारीत त्याचं नाव घाला. ‘तडजोड’ म्हणून कोणत्याही कागदावर आईंची सही होता कामा नये. संमतीपत्र, पूरक दस्त, भरपाईची पावती, यांपैकी एकावर जरी खरी सही पडली तर खोट्या दस्ताला तिचा आधार मिळतो.

अजून एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. तीस लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहाराची माहिती नोंदणी कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते. टोळीनं आईंचा खराच पॅन वापरला असेल तर त्यांच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ही विक्री दिसेल आणि उद्या भांडवली नफ्याबद्दल विचारणा येईल. आयकराच्या पोर्टलवर ते उघडून बघा. नोंद दिसली तर तिथेच ती माहिती अमान्य असल्याचं कळवा आणि पोलीस तक्रारीची प्रत सीएकडे देऊन ठेवा. त्याच बैठकीत सेरसाईच्या, म्हणजे गहाण मिळकतींच्या केंद्रीय नोंदवहीच्या, संकेतस्थळावर प्लॉटवर कुठलं कर्ज चढलंय का तेही तपासून घ्या. निघालंच तर त्या बँकेला दस्ताच्या वादाची लेखी कल्पना द्या.

आता तुमच्या फ्लॅटबद्दल. राहत्या घराला धोका कमी असतो, कारण तुम्ही तिथे राहता आणि घेणारा घर बघायला येतो. या टोळ्या शोधतात ते गवत वाढलेले प्लॉट, कुलूपबंद फ्लॅट, मालक म्हातारा किंवा परगावी असलेली घरं. गोव्यात परदेशी गेलेल्या कुटुंबांची घरं-जमिनी बनावट कागदांवर बळकावल्याची प्रकरणं इतकी झाली की 2022 साली पोलिसांचं विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमावा लागला. सर्वांत सोपं सावज म्हणजे मृत मालकाच्या नावावर राहिलेली मिळकत. हे वाचणाऱ्या ज्या कुणाच्या घरी अजून आजोबांचं किंवा वडिलांचं नाव सातबाऱ्यावर, मिळकत पत्रिकेवर किंवा सोसायटीच्या भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) असेल, त्यांनी वारस नोंदीचा अर्ज या महिन्यात द्यावा. भावंडांत वाटणी ठरलेली नसली तरी वारसांची नावं लागू शकतात.

फ्लॅटसाठी सोसायटीच्या सचिवांना एक पत्र द्या: मालक स्वतः हजर झाल्याशिवाय ना-हरकत दाखला, भागपत्राची दुसरी प्रत किंवा नामांतर होऊ नये. पोच घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू फुकट पाहता येतो. दर दोन-तीन महिन्यांनी बघत जा. जमीन असेल तर ‘आपली चावडी’वर त्या गावात चालू असलेले फेरफार दिसतात. हरकतीच्या पंधरा दिवसांत नजरेला पडलं, तर पुढचा बराच वनवास वाचतो. स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा लोक कंटाळून उलटतात, पण घेणाऱ्याचा वकील तिथेच हरकती मागवतो. गावात एखादा विश्वासू माणूस असेल तर त्याला तेवढं पान बघायला सांगा.

करारनाम्याची पीडीएफ दलालांना व्हॉट्सॲपवर पाठवणं बंद करा. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कुणाला, तारीख. कुलमुखत्यारपत्र द्यावं लागलं तर एका कामापुरतं द्या, विक्रीचा अधिकार त्यात घालू नका, आणि काम झालं की लेखी रद्द करा. प्लॉटला कुंपण, नाव आणि चालू फोन नंबर असलेली पाटी, भूमी अभिलेखची मोजणी, ग्रामपंचायतीच्या कराच्या पावत्या, हे सगळं तुम्हाला ताबा परत मिळाल्यावर लगेच करायचं आहे. या गडबडीत घाबरून प्लॉट किंवा फ्लॅट मुलांच्या नावे बक्षीसपत्रानं करून टाकू नका. वादात असलेल्या मिळकतीचा आणखी एक दस्त म्हणजे समोरच्याच्या वकिलाला आणखी एक मुद्दा.

वीस वर्षांच्या भीतीबद्दल मी खोटं आश्वासन देणार नाही, दावा वर्षं घेईल. पण मनाई हुकुमाचा अर्ज आधी ऐकला जातो आणि तो मिळाला की प्लॉट जिथल्या तिथे राहतो. तोतयेगिरीच्या केसमध्ये ठसा, फोटो आणि रुग्णालयाचे कागद तुमच्या बाजूनं आहेत. एवढा पुरावा फार थोड्यांकडे असतो.

खर्चाची काळजी पत्रात तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा कार्यालय असतं, तिथे आईंच्या नावानं अर्ज द्या.

आणि ‘मीच लक्ष ठेवायला हवं होतं’ असं आई पुन्हा म्हणाल्या, तर त्यांना दस्ताची ती शेवटची पानं दाखवून सांगा की चार माणसांनी आणि एका बनावट आधार कार्डानं मिळून हे केलंय, सरकारी कार्यालयाच्या टेबलावर. डोंबिवलीत खाटेवर पडलेल्या बाईनं त्यावर कसं लक्ष ठेवलं असतं? 1996 सालचं खरेदीखत त्यांनी जपून ठेवलं, यादी करताना पहिला पुरावा म्हणून तेच लिहा. ते लॉकरमध्ये ठेवा, वकिलांना फक्त झेरॉक्स द्या आणि मूळ कागद कोर्टानं मागितल्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नका.